कापडावरचं कोटिंग: रेनकोट, ताडपत्री, रेक्झीन आणि बॅगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोटिंगच्या कापडाशी रोजचा संबंध असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मे महिन्यापासूनच प्रश्न विचारायला लागतात. कुठला रेनकोट घेऊ, ताडपत्री किती जीएसएमची, सॅकच्या आतून हे पांढरं काय सांडतंय. तेच तेच प्रश्न एका ठिकाणी घेतले आहेत. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. लोक कापड पाहून वस्तू घेतात आणि पाणी अडवायचं काम करत असतो तो मागच्या बाजूचा, सहसा न दिसणारा थर.

कोटिंग लागतंच कशाला? पाणी न पिणाऱ्या धाग्याचं कापड विणलं की झालं ना?

नाही होत. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा घेत नाही. तरीही पॉलिएस्टरचा शर्ट घालून पावसात उभे राहा, दोन मिनिटांत अंगाला चिकटतो. पाणी धाग्यातून येत नाही, उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधल्या भोकांतून येतं. कोटिंग म्हणजे त्या भोकांवर पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या पदार्थाचा, सलग पडदा चढवणं. ताकद कापडाची, अडवणूक पडद्याची. नुसती प्लास्टिकची फिल्म टर्रकन फाटते आणि नुसतं कापड गळतं, म्हणून दोघांची मोट बांधायची.

लेपाशिवाय पाणी अडवणारी कापडं अगदीच नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने लांब तंतूंचा कापूस इतका घट्ट विणला, की ओला झाल्यावर धागे फुगून भोकं आपोआप बुजत. तेच व्हेंटाइल कापड. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या पोशाखासाठी वापरलं गेलं. आपली घोंगडीही त्याच पंक्तीतली. लोकरीतली नैसर्गिक चरबी आणि दाट झालेले तंतू यांमुळे पाऊस बराच वेळ वरच्यावर राहतो. पण घोंगडी एकदा भिजली की तिचं ओझं काय होतं ते धनगरांना विचारा.

खळ, सायझिंग, फिनिशिंग आणि कोटिंग एकच का?

सगळीकडे धाग्याला किंवा कापडाला काहीतरी लावलेलंच असतं, म्हणून गोंधळ होतो. इचलकरंजीत ‘सायझिंग’ म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला दिलेली खळ. मागावर सूत तुटू नये यासाठी ती असते आणि पुढे धुऊन काढली जाते. फिनिशिंगमध्ये कापड रसायनाच्या पातळ पाण्यात बुडवून रुळांमधून पिळतात. रसायन प्रत्येक तंतूभोवती बसतं, पण धाग्यांमधली भोकं उघडीच राहतात. कोटिंगमध्ये दाट पेस्टचा थर सहसा एकाच बाजूला बसतो आणि भोकं बुजतात.

कापड तोंडाजवळ धरून फुंका. हवा पलीकडे गेली तर ते फिनिश आहे, नाही गेली तर बहुधा कोटिंग. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

हा थर चढवतात कसा?

रीती बऱ्याच आहेत, पण नाइफ कोटिंग समजलं की बाकीच्या समजतात. कापडाचा ताका ताणून पुढे सरकत असतो. त्यावर, कापडाच्या पूर्ण पन्ह्याएवढं लांब, पोलादी पातं आडवं बसवलेलं असतं. पात्याच्या अलीकडे पेस्ट ओततात. कापड पुढे जातं तसा पेस्टचा लोळ पात्यापाशी गोल गोल फिरत राहतो आणि पात्याखालून हवा तेवढाच थर निसटतो. पातं कापडावर नुसतं टेकवलं आणि खाली आधार दिला नाही तर थर अगदी पातळ बसतो; हलक्या रेनकोटचं कापड बहुधा असं होतं. पात्याखाली रूळ असेल तर पातं आणि रूळ यांमधली फट ठरवून जाड थर देता येतो.

पुढे कापड भट्टीत जातं. पाण्यातली किंवा द्रावकातली पेस्ट असेल तर आधी ते द्रव उडवायचं, मग पॉलिमर पक्का करायचा. घाई केली आणि सुरुवातीलाच आच वाढवली की वरची साय आधी सुकते, आतली वाफ तिला फोडून बाहेर येते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. ताका दिव्यासमोर धरला की चांदण्या दिसाव्यात तशी दिसतात आणि तो माल दुय्यम दर्जात जातो.

पात्याखाली एखादा वाळलेला गोळा किंवा धाग्याचा तुकडा अडकला तर त्याच्या मागे मीटरच्या मीटर लांब रेघ पडत जाते. म्हणून मशीनवरचा अनुभवी माणूस पेस्टकडे कमी आणि पात्याच्या पलीकडच्या कडेकडे जास्त बघत असतो. पेस्ट फार पातळ झाली तर ती कापडातून आरपार फुटते. मग दर्शनी बाजूला डाग दिसतात, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि फाटायलाही लवकर लागतं. फार घट्ट झाली तर थर वरवर बसतो आणि पुढे सोलून निघतो. या दोहोंच्या मधला घट्टपणा साधणं हेच या कामातलं खरं कसब.

रेक्झीनवर चामड्यासारख्या सुरकुत्या कशा येतात?

रेक्झीन उलटं बनतं. आधी वरचा थर, शेवटी कापड. चामड्याच्या पोताचा ठसा असलेला एक खास कागद असतो, त्याला रिलीज पेपर म्हणतात. त्यावर आधी रंगीत पातळ थर चढवतात, तोच पुढे दर्शनी भाग होतो. त्यावर फुगणारा थर देतात. भट्टीत त्यातलं रसायन वायू सोडतं आणि स्पंजासारखा मऊपणा येतो. मग चिकट थर, त्यावर होजिअरीचं कापड दाबून बसवतात. भट्टीतून बाहेर आल्यावर कागद सोलून काढला की खालून ‘चामडं’ निघतं. कागद गुंडाळून पुन्हा वापरतात, ठसा बोथट होईपर्यंत.

रेक्झीनचे हे थर पीव्हीसी प्लास्टिकचे असतात. त्याऐवजी पॉलियुरेथेन (पीयू) वापरलं की तेच ‘पीयू लेदर’. दुकानदार त्यालाही लेदरच म्हणतो आणि भाव त्याप्रमाणे लावतो.

रेनकोटचं कापड पहिल्यांदा कुणी केलं?

कापडाला तेल-मेण लावण्याची युक्ती फार जुनी आहे. जवसाचं तेल हवेत सुकून लवचिक साय धरतं, त्याच गुणावर जुनं मेणकापड बनत असे. आपल्याकडे कोकणात भातलावणीला बांबू आणि पानांचं इरलं पाठीवर घ्यायचे. कापडाच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

आजच्या अर्थाने सुरुवात ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने केली. कोळशापासून वायू बनवताना उरणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळतं हे हेरून त्याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबून बसवला आणि १८२३ मध्ये पेटंट घेतलं. थर मधेच ठेवण्यामागे कारण होतं. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ताठ व्हायचं, त्यामुळे ते उघडं ठेवायची सोयच नव्हती. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने गंधक घालून रबर तापवण्याची व्हल्कनायझेशनची रीत १८४० च्या दशकात पेटंट केली, तेव्हा कुठे रबरी कोट ऋतुमानाच्या कचाट्यातून सुटला. दवाखान्यात रुग्णाच्या खाली जे रबरी कापड टाकतात त्याला नर्सेस अजूनही ‘मॅकिन्टॉश’च म्हणतात.

भारतात १९२० साली कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगॉल वॉटरप्रूफ सुरू केलं. त्यांचे ‘डकबॅक’ रबरी रेनकोट घरातल्या आजी-आजोबांना नक्की आठवतील, वासासकट.

पीव्हीसी, पीयू, सिलिकॉन... मी कुठलं घ्यावं?

वस्तू कुठे वापरणार आहात त्यावर ठरतं. सर्वगुणसंपन्न लेप अजून जन्माला यायचा आहे.

पीव्हीसी स्वस्त, जाड आणि पाण्याच्या बाबतीत खात्रीचं. मुळात ते कडक प्लास्टिक. त्याचे पाइप आपण पाहतोच. त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव घातलं की ते मऊ पडतं. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमनला हे जमलं. पण ते तेल कायमचं बांधलेलं नसतं. ऊन, उष्णता, साबण आणि वेळ यांच्याबरोबर ते हळूहळू बाहेर पडतं, म्हणून जुना पीव्हीसी रेनकोट घडीवर कडकडतो आणि तडकतो. थॅलेट जातीच्या काही प्लास्टिसायझरवर आरोग्याच्या कारणाने निर्बंध आहेत. युरोपात खेळण्यांमध्ये त्यांची मर्यादा ०.१ टक्का आहे. लहान मुलांच्या वस्तू घेताना ‘थॅलेट-मुक्त’ असं लिहिलेलं शोधा. ट्रकचं कव्हर, मांडवाचं छत, रिक्षाचे पडदे यांना मात्र पीव्हीसीशिवाय परवडणारा पर्याय आजही नाही.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. थर पातळ, लवचिक, थंडीत न ताठरणारा. वेगळं तेल घालावं लागत नाही. सॅक, विंडचीटर, चांगले रेनकोट, तंबूचा तळ या सगळ्यांना बहुतेक करून हेच. याचं दुखणं वेगळं आहे, ते बॅगेच्या प्रश्नात येईल.

सिलिकॉन महाग, पण गुणी. ऊन-पावसाने सहजी बिघडत नाही आणि कापडाची फाटण्याविरुद्धची ताकद वाढवतं. हे ऐकून लोक चकित होतात. कापड फाटताना चिरेच्या टोकाशी एकेक धागा तुटत जातो. पीयूचा थर धाग्यांना जागच्या जागी जखडतो, त्यामुळे प्रत्येक धाग्याला एकट्याने ताण सोसावा लागतो. सिलिकॉन निसरडं आणि लवचिक असतं. ताण आला की शेजारचे धागे सरकून एकत्र गोळा होतात आणि मिळून जोर लावतात. मोटारीच्या एअरबॅगचं नायलॉनही बऱ्याचदा सिलिकॉन लावलेलं असतं. तीसेक मिलिसेकंदांत गरम वायूने फुगणाऱ्या पिशवीला उष्णता सोसायची असते आणि वायूही धरून ठेवायचा असतो. सिलिकॉनचा दोष असा की त्याला दुसरं काही चिकटत नाही. शिवणीवरची नेहमीची टेपही नाही.

टेफ्लॉनचा जाड थर काचेच्या धाग्यांच्या कापडावर देतात. ते ३०० अंशांच्या वर भाजावं लागतं, म्हणून साधं कापड चालतच नाही. सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळाचं हज टर्मिनल १९८१ मध्ये असल्याच कापडाच्या तंबूंनी झाकलं गेलं. आपल्या जवळचं उदाहरण वानखेडे स्टेडियम: २०११ च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं तेव्हा छताला टेफ्लॉनचं कापड आलं. घरगुती वापरात हे तुमच्या वाट्याला येणार नाही.

लेबलवर ‘५,००० मिमी’ लिहिलंय. म्हणजे किती पाऊस?

पावसाच्या मिलिमीटरशी याचा काही संबंध नाही. आंबोलीच्या पावसाचे आकडे आठवून लोक उगाच घाबरतात. ही पाण्याच्या दाबाची मोजणी आहे, हायड्रोस्टॅटिक हेड. कापड यंत्रात घट्ट आवळून त्याच्या एका बाजूला पाण्याचा दाब ठरावीक वेगाने वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले, तिसरा थेंब दिसला त्या क्षणीचा दाब लिहून घेतात. ५,००० मिमी म्हणजे पाच मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलला.

ढोबळ अंदाज हवा असेल तर, दीड हजाराच्या आसपास साधी सर अडते. चालताना, शहरात, ऑफिसला जाताना तीन ते पाच हजार पुरे. दुचाकीवर मात्र दहा हजारांच्या खाली जाऊ नये असं मी सांगतो. एक तर वेगामुळे थेंब जोरात आदळतात. दुसरं म्हणजे तुम्ही ओल्या सीटवर बसलेले असता आणि बसण्याचा दाब पावसाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे भिजतात तेही दाबामुळेच. रेनकोट ‘गळतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं बूड आणि खांदे एवढंच ओलं असतं, छाती कोरडी.

आणि हा आकडा नव्या कापडाचा असतो, हे विसरू नका. धुणं, घड्या आणि घासणं यांनी तो उतरत जातो.

‘वॉटरप्रूफ’, ‘वॉटर रेझिस्टंट’, ‘वॉटर रिपेलंट’ यांत फरक काय?

वॉटर रिपेलंट म्हणजे कापडाच्या दर्शनी बाजूला लावलेलं फिनिश. अळवावरचं पाणी जसं गोळी होऊन घरंगळतं तसं त्यावरून घरंगळतं. भोकं उघडीच, त्यामुळे जोर पडला की पाणी आत. वॉटर रेझिस्टंट या शब्दाआड दुकानदार काहीही खपवतात. त्यावर विसंबू नका. वॉटरप्रूफ म्हटलं तर कोटिंग किंवा मेम्ब्रेन (कापडाला चिकटवलेला तयार पापुद्रा) हवं, शिवणी बंद हव्यात आणि मिमीचा आकडा छापलेला हवा.

चांगल्या रेनकोटला दोन्ही असतं, आत लेप आणि बाहेर रिपेलंट फिनिश. बाहेरचं फिनिश झिजलं की वरचं कापड पाणी पिऊन जड आणि गार होतं. आतला लेप शाबूत असला तरी अंगाला गारवा लागतो, आत घाम धरतो आणि माणसाला वाटतं कोट गळायला लागला. अशा वेळी कोट फेकू नका. स्वच्छ धुवा, साबण पूर्ण काढा आणि लेबलने परवानगी दिली असेल तर मंद इस्त्री वरून सुती कापड ठेवून फिरवा. उष्णतेने फिनिशचे रेणू पुन्हा उभे राहतात आणि बऱ्याचदा थेंब परत घरंगळायला लागतात. नाहीच झालं तर बाजारात त्यासाठीचे स्प्रे मिळतात.

या फिनिशची चाचणीही बघण्यासारखी असते. कापड ४५ अंशांत तिरकं ताणून वरून झारीने २५० मिलिलिटर पाणी सोडतात, मग चौकट एकदा ठोकून पाणी झटकतात आणि उरलेल्या ओलीची तुलना नमुना चित्रांशी करतात. अजिबात ओल नाही तर १००, दोन्हीकडून चिंब तर शून्य. घरी बाटलीने पाणी ओतून तुम्हालाही अंदाज येईल.

‘ब्रीदेबल’ जॅकेट खरंच घाम बाहेर सोडतं? सह्याद्रीत ट्रेकला घेऊ का?

सोडतं, पण अटीवर. दोन प्रकार आहेत. एकात सूक्ष्म छिद्रं असतात. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, वाफेच्या रेणूला ऐसपैस. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणली आणि असं जाळीदार मेम्ब्रेन हाती आलं, तेच गोर-टेक्स. ते लेप म्हणून पसरत नाहीत, तयार पापुद्रा कापडाला चिकटवतात. पीयूमध्येही छिद्रं पाडता येतात. पीयू डायमिथिल फॉर्ममाइडमध्ये विरघळवून कापडावर देतात आणि कापड पाण्याच्या टाकीतून नेतात. द्रावक पाण्यात निघून जातं आणि मागे जाळी उरते. हे द्रावक कामगारांच्या यकृताला घातक, म्हणून आता पाण्यातल्या पीयूकडे कल आहे. दुसऱ्या प्रकारात छिद्रंच नसतात. पॉलिमर स्वतः वाफ शोषून आतून बाहेर पोहोचवतो.

आता अट. वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी किंवा थंड हवी. हिमालयात, युरोपात हे जुळतं. जुलैत लोहगड किंवा हरिश्चंद्रगडावर हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर आणि तुम्ही चढ चढताय. घामाने जायचं कुठे? तिथे महागडं जॅकेटही आतून ओलं होतं आणि ते जॅकेटचं अपयश नव्हे. आपल्या पावसाळी ट्रेकसाठी मी काखेखाली चेन असलेलं, सैल, साध्या पीयू कोटिंगचं जॅकेट घ्या असंच सांगेन. उरलेल्या पैशांत चांगले बूट येतील.

कापड पक्कं असूनही शिवणीतून पाणी का येतं?

सुई प्रत्येक टाक्याला लेपात एक भोक पाडते. त्यावर आतून गरम हवेने टेप चिकटवावी लागते. कोट उलटा करून बघा. सगळ्या शिवणींवर गुळगुळीत पट्टी असेल तर ठीक. फक्त खांद्यावर असेल तर तेवढेच पैसे मोजा. पँटमध्ये चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे टेपवर टेप बसते आणि तोच भाग सीटवर दाबला जातो. पहिली गळती हमखास तिथूनच.

सॅकच्या आतून पांढरे पापुद्रे निघतात, चिकट लागतं, वास येतो. बॅग तर फारशी वापरलीच नाही!

वापरली नाही म्हणूनच. हे पीयूचं दुखणं, हायड्रोलिसिस. स्वस्त पीयू पॉलिएस्टर जातीच्या कच्च्या मालापासून बनतं आणि त्याच्या साखळीतले एस्टर बंध दमट हवेतलं पाणी हळूहळू तोडत जातं. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. उष्णता जोडीला असली की बघायलाच नको. माळ्यावर, पत्र्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली बॅग म्हणजे या रासायनिक क्रियेची उत्तम सोय. मुंबई-कोकण-गोव्यात हे पुण्या-सोलापूरपेक्षा लवकर दिसतं. पॉलिइथर जातीचं पीयू यात कितीतरी टिकाऊ, पण महाग. लेबलवर ते क्वचितच लिहिलेलं असतं.

एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. निघालेला थर ओल्या फडक्याने पूर्ण खरवडून काढा आणि बॅग ‘न भिजणारी’ समजू नका, आत प्लास्टिकची पिशवी टाका. नव्या बॅगेचं आयुष्य वाढवायचं असेल तर वापरून झाल्यावर सावलीत पूर्ण कोरडी करा, कपाटात सैल टांगा आणि अधूनमधून वारा दाखवा. ‘पीयू लेदर’च्या सोफ्याचे, बुटांचे आणि पट्ट्यांचे पापुद्रे निघतात तेही बहुतेकदा याचमुळे.

ताडपत्री एकाच हंगामात का फाटते?

पाण्याने नाही, उन्हाने. शेतात वापरतात ती बहुतेक ताडपत्री एचडीपीई या कडक पॉलिथिनच्या चपट्या पट्ट्या विणून, दोन्ही बाजूंना एलडीपीई या मऊ पॉलिथिनचा वितळलेला थर देऊन बनते. पॉलिथिनला अतिनील किरणांचं वावडं. त्यात यूव्ही स्टॅबिलायझर कमी घातलं की पट्ट्या ठिसूळ होतात आणि हाताने चोळल्या तरी भुगा होतो. हे द्रव्य डोळ्यांना दिसत नाही आणि महाग असतं, म्हणून काटकसर नेमकी तिथेच केली जाते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन; तो आकडा वाढवायला खडूची भुकटी भरूनही चालते. त्यामुळे नुसत्या जीएसएमवर जाऊ नका. आयएस ७९०३ हे या ताडपत्रीचं भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्ह असलेला माल घ्या आणि कांद्यावर, वैरणीवर घालायची ती कायम उन्हातच राहणार असेल तर काळी घ्या. तिच्यातली काजळी हे उन्हाविरुद्धचं सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं औषध.

सिलपॉलिनमध्ये विणकामच नसतं. ताणलेल्या फिल्म एकमेकींवर तिरक्या दिशेने चिकटवलेल्या असतात. हलकी असते, पण चीर एका रेषेत पळत नाही.

ब्लॅकआउट पडदे आणि छत्र्यांच्या चंदेरी कापडाचं काय?

ब्लॅकआउटला मागून अ‍ॅक्रिलिक फेसाचे तीन थर असतात: पांढरा, काळा, पुन्हा पांढरा. उजेड काळा थर अडवतो, पांढरे त्याला झाकतात. असे पडदे पिळू नका, घडीवर काळ्या रेघा उमटतात. छत्रीच्या चंदेरी थरात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते. ऊन परतवायला चांगली, पाण्यासाठी विशेष नाही.

आग न लागणारं कोटिंग मिळतं का?

आग न लागणारं नाही, आग धरायला वेळ लावणारं मिळतं. नाट्यगृहांचे पडदे, रेल्वे-बसच्या सीटचं कापड यांना लागतं. जुन्या रीतीत ब्रोमिनची संयुगं आणि अँटिमनी ट्रायऑक्साइड मागच्या बाजूला देत. आता फॉस्फरसची संयुगं किंवा तापल्यावर फुगणारं ग्राफाइट वापरण्याकडे ओढा आहे. मांडवाच्या कापडाला ‘फायरप्रूफ’ म्हणून कुणी नुसता तोंडी भरवसा देत असेल तर चाचणीचा कागद मागा.

वॉटर रिपेलंट फिनिशमधली रसायनं घातक असतात असं वाचलं. खरं का?

जुन्या फिनिशबाबत खरं आहे. पाणी आणि तेल दोन्ही झटकणारी फिनिश फ्लोरिनच्या लांब साखळ्यांची होती. त्यातून सुटणारं पीएफओए नावाचं रसायन निसर्गात कुजत नाही, रक्तात साठतं. अशा न कुजणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २०१९ मध्ये ते बंदीच्या यादीत गेलं. त्याचं भावंड पीएफओएस २००९ मध्येच निर्बंधांच्या यादीत गेलं होतं. नंतर आखूड साखळीची फिनिश आली, आणि आता फ्लोरिन नसलेली, मेणावर किंवा सिलिकॉनवर बेतलेली. पाणी ती छान झटकतात, तेल झटकत नाहीत. रेनकोटला तेलाशी काय देणंघेणं? वडापाव खाताना थोडं जपलं की झालं. ऑपरेशन थिएटरच्या किंवा तेल कंपनीतल्या कपड्यांचा प्रश्न निराळा, तिथे अजून तितका चांगला पर्याय नाही.

रेनकोट धुवायचा कसा?

हाताने, थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणाने. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर पाण्याला आत ओढतो. ड्रायक्लीनला देऊ नका, त्यातलं द्रावक लेप सोलतं. पिळू नका, उन्हात टाकू नका.

कापडाची चाचणी करून हवी असेल तर?

मुंबईत वरळीला सस्मिरा आणि घाटकोपरला बीटीआरए या जुन्या, विश्वासार्ह कापड-संशोधन संस्था आहेत. ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन. शाळांचे गणवेश-रेनकोट, पोलिसांचे किंवा सोसायटीच्या सुरक्षारक्षकांचे कोट अशी मोठी खरेदी असेल तर नमुना पाठवून पाण्याचा दाब, थराची पकड आणि धुतल्यानंतरचा आकडा एवढं तरी तपासून घ्या. निविदेत नुसतं ‘उत्तम दर्जाचे वॉटरप्रूफ’ लिहिलं की काय माल येतो, ते बऱ्याच संस्थांनी अनुभवलं आहे.

घरी स्वतः कापड वॉटरप्रूफ करता येईल का?

जाड सुती कॅनव्हास असेल तर येईल. टोपी, झोळी, सायकलची पिशवी, हत्यारांचं वेष्टण. पॅराफिनचं मेण आणि मधमाशांचं मेण एकत्र करा. नुसतं पॅराफिन घडीवर तडकतं, मधमाशांच्या मेणाने त्याला लवचिकपणा येतो. वितळवताना भांडं थेट गॅसवर ठेवू नका. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थंड करून वडी पाडा. ती वडी धुऊन वाळवलेल्या कॅनव्हासवर जोर देऊन घासा, शिवणींवर जास्त. मग हेअर ड्रायरने गरम करत गेलात की पांढरट थर दिसेनासा होतो, म्हणजे मेण आत मुरलं. दोन हात पुरतात. कापडाचा रंग गडद होतो आणि नखाने ओरखडलं की पांढरी रेघ उमटते. ती दोष नाही.

पॉलिएस्टरवर हे करू नका, मेण मुरतच नाही. मेण लावलेलं कापड गरम पाण्यात धुऊ नका, ब्रशने झटका. ते पेट चांगलं घेतं, तेव्हा चुलीजवळ, शेकोटीजवळ नको. आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत ठेवलंत तर मेण शेजारच्या कपड्यांवर उतरेल.